आयव्हीएफ उपचारातील तंत्रज्ञान : यादीतले आणि यादीबाहेरचे

आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलन घडवण्याच्या उपचाराच्या, पहिल्या आवर्तनाला सुरुवात होण्यापूर्वी आमच्या हाती दोन पानांचा एक छापील कागद देण्यात आला. पहिल्या पानावर उपचाराचे टप्पे होते. दुसऱ्या पानावर ‘ऐच्छिक तंत्रज्ञान’ असा मथळा, त्याखाली नऊ ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करण्यासाठी एक रिकामा चौकोन होता. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाची मनःस्थिती अशी असते की एखादा चौकोन रिकामा सोडणे म्हणजे आपल्याच होऊ घातलेल्या बाळाच्या बाबतीत हात आखडता घेणे, असे वाटू लागते. आम्ही पाच खुणा केल्या. दुसऱ्या आवर्तनाच्या वेळी तोच कागद पुन्हा समोर आला, तेव्हा एकच केली. मधल्या काळात जे वाचले, विचारले आणि सोसले, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे. ते त्या केंद्राचे परीक्षण नाही, कारण असा कागद थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी हाती पडतो. ते त्या दुसऱ्या पानाचे परीक्षण आहे, आणि त्याहूनही अधिक, त्या पानावर ज्यांचे नावही नव्हते अशा गोष्टींचे.

आधी मोजपट्टी ठरवणे भाग आहे. माहितीपत्रकांतील ‘यशाचे प्रमाण’ या शब्दांमागे निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. रक्तातील बीटा एचसीजी या, गर्भ राहिल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची पातळी वाढली हे एक यश, सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले हे दुसरे, आणि मूल जन्माला आले हे तिसरे. या तिन्हींच्या आकड्यांत बरेच अंतर असते. शिवाय भागाकार कशाने केला आहे, हेही पाहावे लागते. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या टप्प्यापर्यंत ज्या स्त्रिया पोहोचल्या त्यांनाच मोजले, तर ज्यांच्या वाट्याला भ्रूणच आले नाही त्या हिशेबातून आपोआप गळतात आणि आकडा फुगतो. म्हणून मी एकच माप धरले आहे: सुरू झालेल्या उपचारांमागे जिवंत जन्मलेली मुले, आणि तीही एकाच वयोगटातील स्त्रियांची तुलना करून. आमच्या दोन आवर्तनांचा निकाल काय लागला, ते मी मुद्दाम लिहिणार नाही. एका जोडप्याच्या यशापयशावरून कोणत्याही यंत्राबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि तरीही वाचणारा माणूस नेमके तेच लक्षात ठेवतो.

यादीतील सर्वांत आकर्षक ओळ टाइम-लॅप्स इनक्युबेटरची होती. नेहमीच्या पद्धतीत भ्रूणाची वाढ पाहण्यासाठी त्याची बशी ठरावीक दिवशी उबवणपेटीतून बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. टाइम-लॅप्स पेटीत कॅमेरा आतच बसवलेला असतो, तो दर काही मिनिटांनी छायाचित्र घेतो, आणि एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार कधी झाल्या याची वेळेसह नोंद होते. कल्पना तर्कशुद्ध आहे: भ्रूणाला त्रास कमी आणि माहिती अधिक. आमच्या भ्रूणांची पाच दिवसांची चित्रफीत आम्हाला फोनवर पाठवण्यात आली. ती मी किती वेळा पाहिली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. त्या चाळीस सेकंदांची किंमत माझ्या लेखी फार मोठी आहे, पण ती भावनेची किंमत आहे, आणि कागदावर ती यशाच्या नावाखाली मांडलेली होती.

या पेटीची खरी कसोटी २०२४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या यादृच्छिक चाचणीत लागली. ब्रिटन आणि हाँगकाँगमधील केंद्रांत मिळून सुमारे १,५७५ जोडप्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडण्यात आले होते. पहिल्या गटाची भ्रूणे टाइम-लॅप्स पेटीत ठेवून छायाचित्रांच्या आधारे निवडली गेली. दुसऱ्या गटाची भ्रूणे त्याच पेटीत, तशीच न हलवता ठेवली, मात्र निवड करताना त्या छायाचित्रांचा उपयोग केला नाही. तिसऱ्या गटासाठी नेहमीची पद्धत वापरली. जिवंत बाळाच्या जन्माचे प्रमाण अनुक्रमे ३३.७, ३६.६ आणि ३३.० टक्के आले. हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतकाच आहे. मला या चाचणीतील मधला गट फार आवडला, कारण ‘पेटी बंद राहिल्याचा फायदा’ आणि ‘कॅमेऱ्याचा फायदा’ हे दोन दावे विक्रीच्या भाषेत नेहमी एकत्र बांधून येतात आणि या गटाने ते एकमेकांपासून सोडवले. सुटल्यावर दोहोंपैकी एकही वजनदार भरला नाही.

त्याच पेटीला जोडून दुसरी ओळ होती: कृत्रिम बुद्धिमत्तेने भ्रूणाची निवड. संगणक चित्रफीत पाहून प्रत्येक भ्रूणाला गुण देतो आणि सर्वाधिक गुणांचे भ्रूण प्रथम सोडले जाते. यावरही एक चांगली चाचणी झालेली आहे; ती २०२४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आली. एक हजाराहून अधिक स्त्रियांपैकी एका गटाचे भ्रूण संगणकाने निवडले आणि दुसऱ्या गटाचे प्रशिक्षित भ्रूणतज्ज्ञांनी डोळ्यांनी पाहून निवडले. गर्भधारणेचे प्रमाण संगणकाच्या गटात ४६.५ टक्के, तर माणसांच्या गटात ४८.२ टक्के राहिले. संगणक माणसापेक्षा सरस आहे हे सिद्ध होण्याचा प्रश्नच नव्हता. तो माणसाइतकाच चांगला आहे, एवढेही त्या चाचणीच्या निकषांवर ठामपणे म्हणता आले नाही. एक गोष्ट मात्र निर्विवाद होती. निवडीला लागणारा वेळ सरासरी २०८ सेकंदांवरून २१ सेकंदांवर आला. प्रशिक्षित भ्रूणतज्ज्ञ मिळणे जिथे कठीण आहे, अशा ठिकाणी वाचलेला हा वेळ सोन्यासारखा आहे, आणि म्हणून या तंत्राला मी निरुपयोगी म्हणणार नाही. पण हा फायदा प्रयोगशाळेचा आहे. प्रयोगशाळेचे श्रम वाचवणाऱ्या साधनासाठी रुग्णाकडून, आणि तेही तिची शक्यता वाढेल असे सांगून, वेगळे पैसे घेणे मला पटत नाही. हिशेबनीसाने नवा कॅल्क्युलेटर घेतला म्हणून ग्राहकाचे बिल वाढावे, असा हा प्रकार आहे.

तिसरी खूण इक्सीपुढे केली होती, आणि तिच्याबद्दल लिहिताना थोडी काळजी घ्यावी लागते, कारण मुळात हे तंत्र अपूर्व आहे. १९९२ साली ब्रुसेल्समधील जियानपिएरो पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू बारीक काचेच्या सुईने थेट स्त्रीबीजात सोडून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. तोपर्यंत ज्या पुरुषांच्या वीर्यात शुक्राणूंची संख्या अत्यल्प होती, त्यांच्यासमोर दात्याचा मार्ग सोडला तर जवळजवळ काहीच नव्हते. इक्सीने ते दार उघडले. पुढे मात्र हे तंत्र गरज नसलेल्यांपर्यंतही पसरले, आणि आज अनेक केंद्रांत शुक्राणूंचा अहवाल निर्दोष असतानाही ते सरसकट वापरले जाते. आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. ‘फलन नक्की व्हावे म्हणून’ एवढेच कारण आम्हाला सांगण्यात आले. २०२१ साली व्हिएतनाममधील संशोधकांनी शुक्राणूंची संख्या आणि हालचाल सामान्य असलेल्या १,०६४ जोडप्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. जिवंत जन्माचे प्रमाण इक्सीच्या गटात ३५ टक्के आणि साध्या आयव्हीएफच्या गटात ३१ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य ठरला नाही. पूर्वीच्या आवर्तनात फलनच झाले नसेल, किंवा शुक्राणूंचा दोष असेल, तर इक्सी अवश्य घ्यावे. एरवी डॉक्टरांना ‘आमच्याच बाबतीत का’ असा प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. मी बाळगला.

गर्भाशयाच्या अस्तराला आधीच्या महिन्यात मुद्दाम ओरखडा काढण्याच्या प्रक्रियेबद्दल थोडक्यात: २०१९ च्या चाचणीत १,३६४ स्त्रियांचे दोन गट होते, आणि दोन्ही गटांत जिवंत जन्माचे प्रमाण तंतोतंत २६.१ टक्के आले. वेदना फक्त एकाच गटाच्या वाट्याला आल्या. भ्रूण सोडण्याची वेळ ठरवण्यासाठी अस्तराची जनुकीय तपासणी करण्याची जी ओळ होती, तिच्यावर आम्ही खूण केली नव्हती; २०२२ साली तिच्यावरील मोठ्या चाचणीत तपासणीनुसार वेळ ठरवलेल्या गटाचा निकाल (५८.५ टक्के) नेहमीच्या वेळी भ्रूण सोडलेल्या गटापेक्षा (६१.९ टक्के) चांगला आला नाही.

भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, ही यादीतील सर्वांत भारदस्त ओळ होती. तिच्यामागचे कारण खरे आहे. स्त्रीचे वय वाढते तसे गुणसूत्रांची संख्या चुकलेल्या स्त्रीबीजांचे प्रमाण वाढते, चाळिशीनंतर तर बहुसंख्य भ्रूणे अशीच निघतात, आणि न रुजणे किंवा गर्भपात होणे यामागे बहुतेकदा हेच कारण असते. मग तपासून निर्दोष तेवढेच सोडावे, हा विचार कोणालाही पटेल. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अशी की तपासणीसाठी घेतलेल्या पाचसात पेशी भ्रूणाच्या बाहेरच्या, पुढे वार होणाऱ्या थरातील असतात, आणि एकाच भ्रूणात निर्दोष व सदोष पेशी मिसळलेल्या असू शकतात. असा संमिश्र अहवाल आलेल्या भ्रूणांपासून निरोगी मुले जन्मल्याचे २०१५ साली इटलीतील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे तपासणी कधीकधी चांगले भ्रूणही बाद करते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे: तपासणीने भ्रूण सुधारत नाही, ती फक्त रांग लावते. सर्व भ्रूणे गोठवून ठेवून एकेक सोडत गेल्यास चांगले भ्रूण कधीतरी पाळीवर येतेच. २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चीनमधील चाचणीत १,२१२ तरुण आणि तुलनेने अनुकूल स्थितीतील स्त्रिया होत्या. तीनदा भ्रूण सोडेपर्यंतची बेरीज केल्यावर तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर न केलेल्या गटात ८१.८ टक्के स्त्रियांना. वारंवार गर्भपात सोसलेल्या किंवा वय पुढे गेलेल्या स्त्रीला एखादा निष्फळ महिना वाचणे मोलाचे वाटू शकते, आणि त्यासाठी ही तपासणी निवडण्यात गैर नाही. आमच्या डॉक्टरांनी मात्र, हे त्यांच्या श्रेयाने लिहिते, या चौकोनावर स्वतःहून काट मारली. घराण्यात एखादा विशिष्ट आनुवंशिक आजार असेल तेव्हा करायची तपासणी ही अगदी निराळी गोष्ट आहे; लंडनमध्ये १९९० साली ॲलन हँडिसाइड यांच्या गटाने तिची सुरुवात केली आणि तिचे मोल आजही वादातीत आहे. दोन्हींची नावे सारखी असल्यामुळे एकीची पुण्याई दुसरीच्या खात्यावर जमा होते, एवढेच.

आता यादीबाहेरच्या गोष्टी, ज्यांच्यासाठी मला हे लिहावेसे वाटले. स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशी अत्तर, पावडर, नेलपॉलिश यांपैकी काहीही लावून येऊ नये, अशी सूचना मिळाली होती. तेव्हा ती मला रुग्णालयांची नेहमीची शिस्त वाटली. पुढे कळले की अत्तरातून आणि रंगातून हवेत मिसळणारी रसायने भ्रूणाच्या द्रवात उतरतात, आणि चांगली प्रयोगशाळा तेवढ्यासाठी हवा अनेक गाळण्यांतून घेते. भ्रूणाला ३७ अंश तापमान, ठरावीक आम्लता राखण्यासाठी पाच-सहा टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि प्राणवायू मात्र वातावरणातल्या एकवीस टक्क्यांऐवजी सुमारे पाच टक्केच लागतो, कारण स्त्रीच्या बीजवाहिनीतही तो साधारण तेवढाच असतो. प्राणवायू असा कमी ठेवल्याने निकाल सुधारतो, यासाठी अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला पुरावा आहे. ही सुधारणा कोणत्याही छापील यादीत चौकोनासह आलेली मी पाहिलेली नाही. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईझ ब्राउन, आयव्हीएफने जन्मलेले जगातील पहिले मूल, जन्मली, त्या वेळी रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांच्याबरोबर जीन पर्डी नावाची परिचारिका प्रयोगशाळा सांभाळत होती, आणि ते भ्रूण विभागताना पहिल्यांदा तिनेच पाहिले. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल मिळाले; पर्डीचे नाव तिथल्या स्मृतिफलकावर यायला २०१५ साल उजाडले. प्रयोगशाळेतले काम तेव्हापासून असेच पडद्याआड राहत आले आहे.

या अदृश्य सुधारणांचा मुकुटमणी कोणता असे विचाराल, तर मी गोठवण्याच्या नव्या पद्धतीचे नाव घेईन. गोठवण्याची कल्पना नवी नाही. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवलेल्या भ्रूणापासून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे लुईझनंतर अवघ्या ७० दिवसांनी, मूल जन्माला आणले. त्यांच्या हयातीत त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि त्यांनी १९८१ साली आत्महत्या केली. सावकाश गोठवण्याच्या जुन्या पद्धतीत पेशीतील पाण्याचे स्फटिक होत आणि ते पेशीला आतून फाडत; बरीच भ्रूणे वितळवताना दगावत, आणि स्त्रीबीजासारखी पाण्याने भरलेली मोठी पेशी तर क्वचितच टिके. व्हिट्रिफिकेशनमध्ये अगदी थोड्या द्रवात ठेवलेले भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये इतक्या झपाट्याने बुडवले जाते की पाण्याला स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. ते काचेसारखे थिजते. जपानमधील मासाशिगे कुवायामा यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत रोजच्या वापरात आणण्याजोगी केली, आणि आज चांगल्या प्रयोगशाळेत दहापैकी नऊहून अधिक ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढलेली भ्रूणे, वितळवल्यावर सुखरूप बाहेर येतात.

याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, ते पाहण्यासारखे आहे. उरलेली भ्रूणे वाया जाण्याची भीती संपल्यामुळे एका वेळी दोन-तीन सोडण्याची गरज राहिली नाही, आणि जुळ्या-तिळ्यांच्या अकाली प्रसूतीचा, आयव्हीएफमधील सर्वांत मोठा धोका, कमी करता आला. केमोथेरपीपूर्वी तरुण स्त्रीला आपली बीजे राखून ठेवणे शक्य झाले. आणि माझ्यासारख्या पीसीओएस (अंडाशयात बीजे नियमितपणे पक्व न होण्याचा संप्रेरकांचा विकार) असलेल्या स्त्रियांसाठी तर हे तंत्र सुरक्षिततेचे साधन ठरले. २०१६ साली चीनमधील १,५०८ पीसीओएस रुग्णांवरील चाचणीत सर्व भ्रूणे गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात सोडली, तेव्हा जिवंत जन्माचे प्रमाण ४२.० वरून ४९.३ टक्क्यांवर गेले, आणि अंडाशय अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साचण्याचा धोका ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आला. पीसीओएस नसलेल्या स्त्रियांमध्ये यशाचा असा फायदा पुढच्या चाचण्यांत दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

माझी या उपचाराविषयीची एकमेव खरी तक्रार इथे येते. पहिल्या आवर्तनात बीजांडे मोठ्या संख्येने वाढली होती, तरीही बीज परिपक्व करण्यासाठी एचसीजीचेच इंजेक्शन दिले गेले आणि पाचव्या दिवशी ताजे भ्रूण सोडण्यात आले. त्यानंतरच्या आठवड्यात पोट फुगून श्वास घेणे जड झाले आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले. दुसऱ्या खेपेला बीज परिपक्व करणारे दुसऱ्या प्रकारचे इंजेक्शन देऊन, जीएनआरएच ॲगोनिस्ट म्हणतात ते, सर्व भ्रूणे गोठवली, आणि मी चौथ्या दिवशी कामावर गेले. हा निर्णय पहिल्या वेळीच घेता आला असता. पाच चौकोनांवर चर्चा करण्यात अर्धा तास गेला. माझ्या बाबतीत सर्वांत परिणामकारक ठरणाऱ्या या दोन गोष्टींवर एक वाक्यही बोलले गेले नव्हते, कारण त्या यादीवर नव्हत्या.

सर्वांपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न यशाच्या प्रश्नाहून वेगळा मानला जातो. मला तो तसा वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे ढोबळमानाने सहांपैकी एकाला, आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, आणि हे प्रमाण श्रीमंत व गरीब देशांत जवळपास सारखेच आहे. उपचार मात्र सारखे पोहोचत नाहीत. जी स्त्री केंद्रापर्यंत येऊच शकली नाही, तिच्या यशाचे प्रमाण शून्य असते, आणि ती कोणत्याही भागाकारात धरलेली नसते.

या दृष्टीने पाहता मला सर्वांत प्रशंसनीय वाटलेले साधन हे काचेच्या दोन नळ्यांचे आहे. बेल्जियममधील गेंक येथे विलेम ओम्बेलेट आणि अमेरिकेतील भ्रूणशास्त्रज्ञ जोनाथन व्हॅन ब्लर्कोम यांनी ‘वॉकिंग एग’ नावाच्या प्रकल्पातून ते विकसित केले. एका नळीत सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बारीक नळीवाटे दुसऱ्या बंद नळीतील द्रवात जातो आणि आम्लता हवी तिथे आणून ठेवतो. त्याच बंद नळीत सुईने स्त्रीबीज आणि नंतर शुक्राणू सोडले जातात, आणि भ्रूण काचेतूनच पाहता येते. महागडी उबवणपेटी नको, वैद्यकीय वायूचे नळकांडे नको, आणि नळी बंदच राहत असल्यामुळे खोलीतील हवा गाळणारी मोठी यंत्रणाही नको. ऊब राखली की पुरे. या पद्धतीने मुले जन्मली आहेत, आणि एकाच स्त्रीची बीजे दोन्हीकडे वाटून केलेल्या तुलनेत नळीतील भ्रूणे नेहमीच्या पेटीतील भ्रूणांच्या मागे पडली नाहीत. शुक्राणूंचा तीव्र दोष असेल तिथे तिचा उपयोग नाही, ही मर्यादा आहे. पण बीजवाहिन्या बंद असणे हे जिथे वंध्यत्वाचे मोठे कारण आहे, तिथे ही मर्यादा फारशी आड येत नाही. टाइम-लॅप्स पेटीच्या चाचणीतील ‘बंद ठेवलेला’ गट आठवतो का? तीच बंदिस्तता इथे दोन नळ्या आणि चिमूटभर सोड्यात मिळते.

याच जातीची आणखी काही साधने अधिक चर्चेस पात्र आहेत. बेल्जियममधीलच घेंट येथील यान गेरिस यांच्या गटाने स्त्रियांना लहान सोनोग्राफी यंत्र घरी देऊन, बीजांडांची वाढ स्वतःच चित्रित करून पाठवायला शिकवले, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निकाल दवाखान्यातील तपासणीइतकेच आले. दर दोन दिवसांनी फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे याच तपासणीसाठी, रजा मागताना वरिष्ठांना काय कारण सांगावे, या विवंचनेतून जी गेली आहे, तिलाच या शोधाची थोरवी कळेल. कोरिफॉलिट्रॉपिन आल्फा हे २०१० पासून युरोपात उपलब्ध असलेले, बीजांडे वाढवणारे औषध रोजच्या सात इंजेक्शनांची जागा एकाच टोचणीने घेते. आणि सर्वांत साधे उदाहरण लेट्रोझोलचे: मुळात स्तनांच्या कर्करोगासाठी वापरली जाणारी ही गोळी, २०१४ साली पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवरील चाचणीत बीज पक्व करणाऱ्या जुन्या क्लोमिफिन गोळीपेक्षा सरस ठरली, २७.५ विरुद्ध १९.१ टक्के जिवंत जन्म. ज्या स्त्रीला या गोळीने दिवस राहिले, तिला या परीक्षणातील उरलेल्या एकाही गोष्टीची गरज पडत नाही. मला तिने दिवस राहिले नाहीत, पण ती आधी दिली गेली हे योग्यच झाले.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल वर कठोर लिहिले आहे, म्हणून तिची उजवी बाजूही मांडते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झेव्ह विल्यम्स यांच्या गटाने शुक्राणू जवळजवळ नसलेल्या वीर्याच्या नमुन्याची लक्षावधी छायाचित्रे घेऊन त्यातून एखाददुसरा शुक्राणू शोधून वेगळा काढणारी यंत्रणा बनवली, आणि २०२५ साली तिच्यामुळे झालेली पहिली गर्भधारणा जाहीर केली. हे काम माणसाच्या डोळ्यांना झेपणारे नाही. भ्रूणांना गुण देण्याच्या कामात संगणक माणसाची जागा घेऊ पाहतो. इथे तो माणसाला न जमणारे करतो, आणि मला वाटते त्याचे भवितव्य याच दिशेला आहे. अर्थात एक गर्भधारणा म्हणजे चाचणी नव्हे.

दुसऱ्या खेपेला जी एक खूण केली, ती भ्रूण सोडतानाच्या द्रवात हायल्युरोनान, म्हणजे शरीरातही असणारा एक चिकट पदार्थ, घालण्यासमोर होती. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन समीक्षेत तिच्या बाजूने मध्यम दर्जाचा पुरावा दिसतो. जुळ्यांचे प्रमाण थोडे वाढते, पण एकच भ्रूण सोडायचे असल्याने ती चिंता आम्हाला नव्हती. उरलेला अर्धा तास मी भ्रूणतज्ज्ञ बाईंना प्रश्न विचारण्यात घालवला: प्राणवायू किती ठेवता, पेटी दिवसातून किती वेळा उघडते, वितळवलेल्यांपैकी किती भ्रूणे टिकतात, नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बारकोड आहे की दोघांची सही. त्यांनी एकेका प्रश्नाचे उत्तर वही उघडून, आकड्यासह दिले, आणि शेवटी म्हणाल्या, “ताई, हे आम्हाला कोणी विचारतच नाही हो.”

गेल्या महिन्यात त्या कागदाची नवी आवृत्ती पाहण्यात आली. अस्तराला ओरखडा काढण्याची ओळ त्यातून गेली आहे. ओळी मात्र आता दहा आहेत.